आंब्याचं क्रंबल : खाली पाणी, वर चिकट लगदा. उन्हाळ्यात हे का होतं आणि काय काय तपासायचं

आमच्याकडे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात मे महिना म्हणजे पारा ४४-४५ वर, घरात माहेरवाशिणी आणि त्यांची पोरं, आणि कोपऱ्यात आंब्याची टोपली. रस-पोळी होते, रस-सरगुंडे होतात, आणि मग चौथ्या-पाचव्या दिवशी कोणीतरी मोबाइलवर पाहून म्हणतं की क्रंबल करू. खाली फळाच्या फोडी, वर पीठ-साखर-तुपाचा रवाळ चुरा, आणि भट्टीत भाजायचं, एवढंच असतं ते, केकपेक्षा कितीतरी सोपं. पण होतं काय, की दहातल्या सात घरी ते बिघडतं आणि तेही एकाच पद्धतीने बिघडतं. मी गेले पाच-सहा उन्हाळे माझं स्वतःचं, जाऊबाईचं, बचत गटातल्या मावशींचं, पुलगावच्या नणंदेचं असं सगळ्यांचं हेच दुरुस्त करत आलेय, म्हणून एकदाचं नीट लिहून ठेवते.

आधी तुमचं नेमकं काय बिघडतंय ते बघा.

चमचा घातला की तळाशी पिवळं पाणी वर येतं, फोडी त्यात पोहतात. हे सगळ्यात जास्त.
वरचा चुरा रवाळ न राहता एकसलग पापडी होतो, तुपकट लागतो, किंवा खाली बुडून आंब्यात मिसळून लापशीसारखा होतो.
वरून लाल, काठाला करपलेलं, आणि मधे पीठ कच्चं.
चाळीस मिनिटं झाली, पन्नास झाली, तरी पांढरंच. रंगच येत नाही.
काढलं तेव्हा कुरकुरीत होतं, तासाभरात वर नरम पडलं.
आंबट किंवा धातूसारखी चव येते, फळाचा रंग काळपट होतो.

मागच्या वर्षी शेजारच्या वहिनी आल्या, म्हणाल्या, "मावशी, माह्यं त चिखलच झालं वो, ओव्हनच खराब हाय वाट्टे, बदलूनच आणतो आता." मी म्हटलं थांबा बाप्पा, चार हजाराचं काम नंतर, आधी फुकटचं बघू. त्यांचा ओव्हन ठणठणीत निघाला. खरं सांगते, हे बिघडतं तेव्हा बहुतेक वेळा ओव्हनचा काही दोष नसतो, दोष असतो आंब्यातल्या पाण्याचा आणि आपल्या हवेत वितळलेल्या तुपाचा, आणि रेसिपी लिहिणाऱ्याच्या घरात ना तो आंबा असतो ना ते ऊन. म्हणून खालचा क्रम पाळा, वरून खाली जा, मधलं काही गाळू नका.

सगळ्यात आधी : काढल्यावर किती वेळ थांबलात?

याला पैसा लागत नाही, कष्ट लागत नाहीत, फक्त धीर लागतो, आणि पोरं ताट घेऊन बसलेली असतात म्हणून नेमका तोच नसतो. फळाच्या रसात घातलेलं कॉर्नफ्लोअर गरम असताना पातळच दिसतं, थंड होताना धरतं, जसं आपलं पिठलं चुलीवर असताना पातळ आणि ताटात आल्यावर घट्ट. रेसिपीत लिहिलेलं असतं १५ मिनिटं थांबा, पण ते थंड गावातल्या लोकांचं. आपल्या स्वयंपाकघरात दुपारी ३८-४० असतं, तिथे भांडं थंडच होत नाही, म्हणून परातीत दोन बोटं माठाचं पाणी घ्या, त्यात गरम भांडं ठेवायचं नाही लगेच (काचेचं असेल तर तडकेल), आधी २० मिनिटं जाळीवर ठेवा मग परातीत, आणि एकूण पाऊण तास हात लावू नका. नुसत्या एवढ्यानेच काही जणींचं पाणी बंद झालेलं मी पाहिलंय.

आणि ते जाळीवर ठेवताना कूलरसमोर ठेवू नका!! हे कोणालाच सुचत नाही. आपला कूलर ओली हवा फेकतो, म्हणूनच तर गार वाटतं. कुरड्या, पापड तळून कूलरच्या खोलीत ठेवले की अर्ध्या तासात कसे वातड होतात, तसंच या चुऱ्याचं होतं. "काढलं तेव्हा कुरकुरीत, नंतर नरम" हे ज्यांचं आहे त्यांनी फक्त जागा बदलून बघा, पुढचं वाचायची गरज पडणार नाही कदाचित.

दुसरं : बुडबुडे आले होते का?

वरून सोनेरी झालं म्हणजे झालं असं समजून आपण काढतो. पण कॉर्नफ्लोअर असो की तांदळाची पिठी, ती रस उकळायला आल्याशिवाय फुलतच नाही, आणि फुलली नाही तर पाणी धरून ठेवत नाही. तर बघायचं वरचं नाही, काठ बघायचे. काठाने जाड, संथ, मधासारखे बुडबुडे यायला पाहिजेत आणि आल्यावर अजून पाच मिनिटं तसेच राहू द्यायला पाहिजे. पातळ चटचट फुटणारे बुडबुडे म्हणजे अजून नुसतं पाणी उकळतंय. वर लाल व्हायला लागलं आणि काठाने काहीच नाही, तर वर दुसरं ताट झाका आणि खालच्या कप्प्यात सरकवा.

तिसरं : आंबा कोणता आणि किती पिकला

इथे जरा जास्त लिहिते कारण अर्धा घोळ इथे असतो. आपल्या आढीतला गावरान आंबा रसाचा आहे, चोखून खायचा आहे, त्याला धागा आणि पाणी भरपूर. तो कापला की फोड उभीच राहत नाही. त्याची चव कोणत्याच बाजारच्या आंब्याला येणार नाही हे मलाही मान्य, पण भाजायला तो नको, त्याचा रस करा आणि पोळीसोबत खा. क्रंबलला बैंगनपल्ली घ्या, लंगडा घ्या, नाहीतर तोतापुरी, म्हणजे ज्याची फोड सुरीने सरळ कापली जाते आणि बोटांनी दाबली की लगेच मऊ होत नाही. गावरानच वापरायचा असेल तर नुकता पाडाला आलेला, देठाजवळ अजून कडक, असा निवडा आणि साखर थोडी वाढवा.

पिकलेल्या आंब्याच्या गरात शंभरात ८० च्या वर भाग पाणीच असतं. अर्धा-पाऊण किलो फोडी घातल्या म्हणजे तुम्ही भांड्यात किती पाणी ओतलं ते समजून घ्या. शिवाय साखर टाकली की ती फोडीतलं पाणी बाहेर ओढते, कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की कसं पाणी सुटतं, अगदी तेच. हे पाणी भट्टीत सुटण्यापेक्षा आधीच सोडवून घ्यायचं, ही माझी सगळ्यात भरवशाची दुरुस्ती आहे:

फोडी बोटाच्या पेराएवढ्या करा, दोन चमचे साखर चोळा, चाळणीत घाला, खाली पातेलं, अर्धा तास झाकून ठेवा. खाली जो रस जमेल (माझ्याकडे अर्धी ते पाऊण वाटी जमतो) तो कढईत घेऊन निम्मा होईपर्यंत आटवा, थोडा गार झाला की दीड चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे पाण्यात कालवून त्यात घाला, परत गॅसवर ठेवून एक उकळी, घट्ट झालं की फोडींवर ओता. आता पाणी सुटायला उरलंच थोडं. चव पण दुप्पट, कारण रस फेकला नाही, आटवला.

एक सावध करते, बाहेरून पिवळाजर्द आणि आतून पांढरट आंबट, वास नाहीच, असा आंबा निघाला तर तो कार्बाइडने पिकवलेला असू शकतो. तसं पिकवायला बंदी आहे तरी मिळतो. त्याला कितीही भाजा, गोडी येत नाही. ते क्रंबल सुधारायच्या मागे लागू नका, दुकानदार बदला.

आंबा संपला आणि चिकू, पपई, खरबूज यांवर करायचं म्हणाल तर चिकू छान होतो, त्याला कॉर्नफ्लोअर निम्मंच लागतं. पपई आणि खरबूज यांत आंब्याहून जास्त पाणी, मी करत नाही. संत्रं तर नकोच, गरम केलं की कडवटपणा वर येतो, बिया आणि पांढरे धागे राहिले तर फारच.

चौथं : तूप. इथेच आपलं आणि रेसिपीचं भांडण आहे

रेसिपीत लिहिलेलं असतं थंड बटर पिठात बोटांनी चुरा. ते थंड कशाला, तर घट्ट तुपाचे बारीक कण पिठात वेगवेगळे राहतात, भट्टीत ते वितळतात आणि तिथे पोकळी राहते, म्हणून रवाळ लागतं. बटर ३२ ते ३५ डिग्रीला वितळतं. आपलं स्वयंपाकघर त्याहून गरम, आपला तळहात तेवढाच गरम, मग ते कण राहणार कुठे? पीठ सगळं तूप पिऊन टाकतं आणि चुऱ्याऐवजी गोळा तयार होतो, तो भाजला की पापडी.

त्यात आपल्या हाताला सवय कडकडीत मोहनाची. शंकरपाळे म्हणा, करंजी म्हणा, तूप तापवून पिठावर ओतायचं हे आईने शिकवलेलं. माझ्या जाऊबाई दोन वर्षं इथेही तेच करत होत्या आणि दोन वर्षं विचारत होत्या, "काहून असं दगडासारखं होते वो?" इथे मोहन गरम घालायचं नाही, उलट घट्ट पाहिजे. मूठ वळली पाहिजे हे मात्र तेच, आणि वळलेली मूठ बोटाने हलकं दाबली की फुटली पाहिजे. फुटली नाही तर तूप जास्त झालं किंवा वितळलं.

मोजमापातही चूक होते. बटरमध्ये ८० टक्क्यांच्या आसपासच स्निग्ध असतं, बाकी पाणी वगैरे, आणि घरचं कढवलेलं तूप म्हणजे जवळपास निव्वळ स्निग्ध. रेसिपीत ६० ग्रॅम बटर असेल तर तूप ५० ग्रॅमच घ्यायचं. सारखंच घेतलं की तुपकट होणारच. माझं प्रमाण १२० ग्रॅम पीठ, ५० ग्रॅम तूप, ६० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, वरून मूठभर चारोळी (गडचिरोलीकडची ताजी मिळाली तर सोन्याहून पिवळं). पिठात एक भाग ज्वारीचं जाडसर पीठ घालते, ज्वारीला चिकटपणा नसतो म्हणून चुरा सुटा राहतो. चुऱ्यात गूळ घालू नका, गूळ ओल धरतो, खाली फळात घाला हवा तर.

उन्हाळ्यात तूप घट्ट ठेवायचं कसं: फ्रीज असेल तर तूप, पीठ आणि परात तिन्ही आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये. लाइट जाते म्हणून फ्रीजचा भरवसा नसेल तर छोट्या स्टीलच्या डब्यात तूप घेऊन ओल्या कापडात गुंडाळून माठाला चिकटवून रात्रभर खिडकीत ठेवा, आपल्याकडे हवा कोरडी असल्याने पाणी झपाट्याने उडतं आणि डबा चांगला गार होतो, अगदी दगड नाही पण रवाळ तूप मिळतं. आणि चुरा करायची वेळ पहाटे पाच. दुपारी दोनला हे काम करूच नका, मीही करत नाही. हाताने नाही, दोन काट्यांनी किंवा उलथन्याच्या कडेने चुरा करा, मग थेट फ्रीजमध्ये.

पाचवं : भांडं

पातळ जर्मनच्या भांड्यात आंबट फळ भाजू नका, ॲल्युमिनियम आंबटात उतरतं, धातूची चव आणि काळपट रंग तिथूनच येतो. कल्हई गेलेलं पितळी भांडं तर अजिबात नको. काचेचं बोरोसिलचं, नाहीतर जाड स्टीलचं, पसरट आणि दोन इंचाहून खोल नको. खोल भांड्यात मधला भाग उकळतच नाही, दुसऱ्या मुद्द्यात सांगितलं तेच परत होतं.

सहावं : कढईत किंवा कुकरमध्ये करणाऱ्यांसाठी

आमच्या गावात निम्म्या घरी ओव्हन नाही आणि त्याची गरजही नाही. पण कढईत मीठ किंवा वाळू घालून झाकून भाजलं की उष्णता खालूनच येते, आणि फळाची वाफ झाकणाला लागून थेंब थेंब चुऱ्यावर पडते. तिथे कुरकुरीत होणं शक्यच नाही, कितीही वेळ ठेवा. म्हणून वेगवेगळं करा, फळ कढईत घट्ट शिजवून घ्या आणि चुरा जाड तव्यावर मंद आचेवर बदामी होईपर्यंत हलवत भाजा, बेसन भाजतो तसा पण हात हलका, कण मोडू नका. वाढताना वर घाला. भाजलेल्या पदार्थात आणि यात खाणाऱ्याला फरक कळत नाही.

रोडग्यांसाठी (निखाऱ्यात भाजायचे कणकेचे गोळे) गोवऱ्या पेटलेल्या असतील तर आंगणात झाकणावर निखारे ठेवून खालून-वरून भाजता येतं, फार सुंदर वास लागतो. पण निखारे बंद खोलीत कधीच नाही, त्याचा धूर दिसत नाही तरी गॅस विषारी असतो. कुकर वापरत असाल तर रिंग आणि शिट्टी काढूनच.

सातवं : लाइट किती येते

आता ओव्हनकडे आलो, पण ओव्हनच्या आधी लाइट. रंगच येत नाही ही तक्रार संध्याकाळी सात-आठला करणाऱ्यांची असते. तेव्हा गावातले सगळे कूलर चालू असतात आणि व्होल्टेज पडतं. २३० च्या जागी १७० आलं तर हीटर थोडा कमी तापतो असं नाही, निम्माच तापतो, कारण व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने ताकद कमी होते. १२०० वॅटचा ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन) अशा वेळी साधारण ६५० वॅटचंच काम करतो. मग तुम्ही नॉब २०० वर नेलात तरी आत २०० होत नाही, फळ मात्र तासभर पाणी सोडत बसतं. फ्रीजच्या स्टॅबिलायझरवर आकडा दिसतो तो बघा, नसेल तर पंखा किती हळू फिरतो ते बघा. उपाय एकच, सकाळी सहाला भाजा. ओव्हन फ्रीजच्या स्टॅबिलायझरवर किंवा घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका, ते एवढ्या भाराचे नसतात.

आठवं : ओव्हन खरं बोलतो का

नॉबवर लिहिलेलं आणि आतलं तापमान यात फरक असतोच. ओव्हनचं थर्मामीटर नसेल तर साखरेने बघा, साखर १८६ डिग्रीच्या आसपास वितळते. छोट्या वाटीत चमचाभर साखर, ओव्हन १७५ वर चांगला तापवून १५ मिनिटं ठेवा, वितळायला नको. मग दुसरी साखर घेऊन १९० वर १५ मिनिटं, वितळायला पाहिजे. १७५ लाच वितळली तर ओव्हन जास्त तापतो, नॉब २० ने कमी ठेवायचा. १९० लाही कोरडीच राहिली तर कमी तापतो. हे सकाळीच करा, नाहीतर व्होल्टेजचा दोष ओव्हनवर जाईल.

सोबत हेही बघा की नॉब वरची-खालची दोन्ही रॉडवर आहे का (खूपदा नुसता वरचा लागलेला असतो, म्हणून वर करपतं आणि मधे कच्चं), दहा-पंधरा मिनिटं आधी तापवला का, आणि भांडं मधल्या कप्प्यात आहे का. दोन्हीवर ठेवून पाच मिनिटांनी काचेतून बघा, एक रॉड लाल आणि एक काळाच असेल तर तो गेलाय.

इथे थांबायचं

रॉड गेला, थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारा भाग) गेला, इथून पुढे घरी हात घालू नका. ओव्हन उघडायचा नाही, प्लग काढलेला असला तरी नाही, रिपेअरवाल्याकडे न्या.

ओव्हनच्या पत्र्याला हात लागला की झिणझिणी येते, टेस्टर लावला की दिवा लागतो, तर त्याच क्षणी मेन स्विच बंद आणि वायरमनला बोलवा. उन्हाळ्यात काळी माती वाळून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि अर्थिंग कमजोर पडतं. खड्ड्यात दोन बादल्या पाणी टाकणं चांगलंच, पण पाणी टाकलं आणि झिणझिणी गेली म्हणून ओव्हन परत लावू नका, करंट पत्र्यात येतोय कुठून ते वायरमननेच शोधायचं. प्लग गरम होत असेल, सॉकेटला जळका वास किंवा काळा डाग असेल, तरी हेच. एक्स्टेन्शन बोर्डवर ओव्हन आणि कूलर एकत्र तर कधीच नको.

गॅसवर करताय आणि गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, लाइटचं कोणतंही बटण दाबायचं नाही, बाहेर येऊन १९०६ ला फोन करा. ज्योत पिवळी येऊन भांडी काळी होत असतील तर बर्नर साफ करून बघा, नाही सुधारली तर मेकॅनिक.

आणि जे बिघडलंय ते परत परत भट्टीत घालू नका, वरचं जळतं, खालचं तसंच राहतं. वरचा चुरा चमच्याने काढून तव्यावर कोरडा करा, खालचं कढईत आटवा, परत एकत्र करा. मात्र आपल्या उन्हाळ्यात ते तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका, फ्रीजमध्ये ठेवा. फेस आला, आंबूस वास आला तर चाखूनही न बघता टाकून द्या, घरात लहान लेकरं असतात.

वायरमन आमच्याकडे तरी बोलावल्या दिवशी येत नाही, चार दिवस लागतात. तोवर आणलेले आंबे वाया जाऊ देऊ नका, फळ आटवून एका डब्यात फ्रीजमध्ये, भाजलेला चुरा पूर्ण गार करून दुसऱ्या हवाबंद डब्यात, आणि हवं तेव्हा वाटीत फळ गरम करून वर चुरा. वहिनींकडे आता पाहुणे आले तरी असंच करतात.